मुलगी पंधराची, ओढ नॅशव्हिलची: टेलर स्विफ्टच्या सुरुवातीच्या वर्षांकडे कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारं मराठी कुटुंब. मुलगी पंधरा वर्षांची, कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण परंपरेतलं संगीत गाते, गिटारवर स्वतःची गाणी रचते, लहानपणी काही वर्षं शास्त्रीय गाणंही शिकली आहे. एका ‘आर्टिस्ट डेव्हलपमेंट’ कंपनीने करार पुढे केलाय: सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग, फोटो, व्हिडिओ आणि नॅशव्हिलमध्ये, म्हणजे टेनेसीतल्या या संगीताच्या राजधानीत, ओळखी. त्यासाठी आईवडिलांनी मोठी रक्कम भरायची आणि मुलीने पाच वर्षं बांधून घ्यायचं. आई विचारते, “टेलर स्विफ्टचे आईवडीलसुद्धा तिच्यासाठी बिऱ्हाड हलवून नॅशव्हिलला गेले होते ना? मग आम्ही का कचरावं? आणि भारतीय चेहऱ्याच्या मुलीला या संगीतात जागा आहे का?”

मी नॅशव्हिलमध्ये गीतप्रकाशनाच्या, म्हणजे गीतकारांचे हक्क सांभाळून त्यांची गाणी वापरात आणणाऱ्या म्युझिक पब्लिशिंगच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. गीतकारांच्या बैठका जुळवणं, डेमो, म्हणजे नमुन्याची कच्ची रेकॉर्डिंगं, ऐकणं, करारातली कलमं वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर आधी देते, कारणं मागाहून. हा करार करू नका. मुलीचं गाणं लिहिणं मात्र आजच्या दुप्पट वाढेल असं बघा. टेलरची पहिली पाच-सहा वर्षं नीट पाहिली तर ती आवाजामुळे जेवढी पुढे गेली, त्याहून जास्त आपली गाणी आपण लिहिल्यामुळे आणि एक करार सोडून दिल्यामुळे गेली. बिऱ्हाड हलवल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, करार सोडल्याची फारशी कोणी सांगत नाही.

तिचा जन्म डिसेंबर १९८९चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील शेअर दलालीच्या व्यवसायात, आई आधी वित्तक्षेत्रात नोकरीला होती, आजी ऑपेरा गायची. अकरा वर्षांची असताना शाळेच्या सुट्टीत ती आईबरोबर नॅशव्हिलला आली. कराओकेच्या ट्रॅकवर दुसऱ्यांची गाणी गाऊन केलेल्या सीड्या हातात होत्या. म्युझिक रो म्हणजे इथल्या सोळाव्या आणि सतराव्या अॅव्हेन्यूचा परिसर. तिथे जुन्या घरांमधून रेकॉर्ड कंपन्यांच्या आणि प्रकाशकांच्या कचेऱ्या आहेत. दारोदार सीडी दिली, हाती काही लागलं नाही. अशा सीड्या त्या काळी इथल्या प्रत्येक कचेरीत ढिगाने यायच्या, आज त्यांच्या जागी लिंका येतात. दुसऱ्याचं गाणं छान गाणारी मुलं या गावात मोजता येणार नाहीत इतकी आहेत. त्यानंतर ती गिटार शिकायला लागली आणि स्वतः लिहायला लागली. माझ्या मते तिची कारकीर्द सुरू झाली ती इथून. २००२मध्ये बास्केटबॉलच्या सामन्याआधी तिने हजारो लोकांसमोर राष्ट्रगीत म्हटलं, त्याला मी एवढं महत्त्व देणार नाही.

२००३मध्ये, तेराव्या वर्षी, तिला आरसीए या बड्या कंपनीचा ‘डेव्हलपमेंट डील’ मिळाला. तुमच्या हातातल्या कागदावरही हेच दोन शब्द आहेत, म्हणून फरक समजून घ्या. अशा खऱ्या करारात कंपनी स्वतःच्या खिशातून स्टुडिओचा वेळ देते, डेमो करून घेते, कलाकाराला तयार व्हायला अवधी देते. अल्बम काढूच असं वचन मात्र देत नाही. वर्ष संपल्यावर ठरवायची वेळ आली. कंपनीला अल्बमची घाई नव्हती. मुलीला आणखी काही वर्षं असंच तयारीत ठेवायचं होतं. टेलरला आपली गाणी त्याच वयात लोकांपर्यंत न्यायची होती. नववीतल्या मुलीची गाणी नववीतल्या मुलींनी ऐकावीत, असा तिचा आग्रह. ती करार सोडून बाहेर पडली. चौदा वर्षांच्या मुलीने एवढ्या मोठ्या कंपनीला नाही म्हणावं हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचं वाटलं असणार. आज मागे वळून पाहता मला तिचा सगळ्यात मोलाचा निर्णय तोच वाटतो.

२००४मध्ये कुटुंब नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं. वडिलांनी आपल्याच कंपनीच्या नॅशव्हिलच्या कचेरीत बदली करून घेतली. घरातलं उत्पन्न चालूच राहिलं, हे विसरू नका. नोकरी सोडून, घर विकून, ‘आता सगळं हिच्यावर’ अशा तयारीने आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या घरातल्या मुलीच्या गाण्यावर इतकं ओझं येतं की तिला गाणं नकोसं होतं.

त्याच सुमारास, चौदाव्या वर्षी, सोनी/एटीव्ही या प्रकाशनसंस्थेने तिला गीतकार म्हणून घेतलं. क्रम बघा: आधी गीतकाराचा करार, रेकॉर्ड कंपनीचा नंतर. शाळा सुटली की मंगळवारी दुपारी ती लिझ रोझ या गीतकार बाईंबरोबर बसायची. वयात मोठं अंतर. लिझ रोझ यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं की आपलं काम बरंचसं संपादकाचं होतं. मुलीला काय म्हणायचंय ते पक्कं असायचं, फक्त पाल्हाळ छाटायचा आणि ओळ जागेवर बसवायची. पहिल्या अल्बममधल्या अकरा गाण्यांपैकी सातांवर दोघींची नावं आहेत आणि तीन गाणी टेलरने एकटीने लिहिलेली आहेत.

अशी बैठक, इथल्या भाषेत ‘को-राइट’, कशी चालते ते सांगते, कारण तुमच्या मुलीला शिकायचंय ते हेच. छोटी खोली, एक सोफा, दोन गिटारी, एखादा कीबोर्ड. पहिला अर्धा तास कोणी गाण्याचं नावही काढत नाही. शाळेत काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, गाडी कुठे बंद पडली. बोलता बोलता एखादं वाक्य असं येतं की समोरचा म्हणतो, “थांब, हे परत म्हण.” ते वाक्य वहीवर लिहिलं जातं आणि बहुधा तेच गाण्याचं शीर्षक होतं. मग उलटं काम सुरू होतं. शीर्षकाची ओळ कोरसच्या, म्हणजे धृपदाच्या, शेवटी पडणार, तर पहिल्या कडव्यात काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं? दुसऱ्या कडव्यात गोष्ट पुढे सरकली पाहिजे, पहिल्याच कडव्याचं रडगाणं चालणार नाही. तिसऱ्यांदा कोरस येईल तेव्हा त्याच शब्दांचा अर्थ थोडा बदललेला असला पाहिजे. दोन-तीन तासांत गाणं उभं राहतं, फोनवर साधं रेकॉर्डिंग होतं, त्याला ‘वर्क टेप’ म्हणतात. नॅशव्हिलचा रिवाज असा की खोलीत जेवढी माणसं, तेवढे समान वाटे. कोणी चार ओळी दिल्या आणि कोणी एकच शब्द, तरी वाटा तोच. मी तरुण मुलांना सांगते, वाटे त्याच दिवशी लिहून ठेवा. गाणं चाललं की प्रत्येकाची आठवण वेगळी होते.

मुलगी गायिका आहे, तर मी सारखी लिहिण्याचं का लावून धरतेय? कारण पैसा आणि हक्क तिथे आहेत. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात. गायकाला त्या वाजवण्याचे काहीच मिळत नाहीत. कायदाच तसा आहे. २००६ ते २०२२ या काळात अल्बमच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला ९.१ सेंट हा कायद्याने ठरलेला दर होता. म्हणजे लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे ९,१०० डॉलर. गीतकार दोघे असले आणि प्रत्येकाच्या प्रकाशकाने निम्मा हिस्सा घेतला, तर एकीच्या हाती २,२७५. आता त्यात रेकॉर्ड कंपन्यांचं एक ठरलेलं कलम घाला: गायिकाच गीतकार असेल तर दराच्या ७५ टक्केच देऊ. म्हणजे १,७०६ डॉलर. आकडा लहान वाटेल, पण हा पैसा रेकॉर्ड कंपनीच्या खर्चातून वळता होत नाही, खप चालू असेतो येत राहतो. नुसत्या गायिकेच्या मानधनातून मात्र आधी स्टुडिओ, व्हिडिओ, प्रचार असं सगळं कापून घेतात. त्यामुळे पहिल्या अल्बमवर हाती शून्य आलेल्या गायिका इथे पुष्कळ आहेत.

पुढची गोष्ट ब्लूबर्ड कॅफेतली. १९८२मध्ये सुरू झालेली ही जागा पाहून बाहेरचा माणूस निराश होतो: दुकानांच्या रांगेतला एक गाळा, जेमतेम नव्वद खुर्च्या. आत गाणं चालू असताना कुजबुजलात तर शेजारचा गप्प करतो, कारण इथे लोक शब्द ऐकायला येतात. तिथे टेलरचं गाणं ऐकलं स्कॉट बोर्शेटा यांनी. ते तेव्हा एका मोठ्या कंपनीत होते आणि स्वतःची कंपनी काढायच्या विचारात होते. २००५मध्ये ‘बिग मशीन’ सुरू झाली आणि टेलर तिच्या पहिल्या कलाकारांपैकी एक ठरली. तिच्या वडिलांनी कंपनीत छोटा हिस्साही विकत घेतला. ही सोय सगळ्यांकडे नसते, आणि तिचं यश मोजताना ती बाजूला ठेवणं मला पटत नाही.

२००६च्या जूनमध्ये पहिलं सुटं गाणं (सिंगल) आलं, ऑक्टोबरमध्ये अल्बम. ध्वनिमुद्रण केलं नेथन चॅपमन या तरुणाने, जो आधी तिचे डेमो करायचा. नव्या कंपनीत माणसं थोडी, म्हणून आकाशवाणी केंद्रांना पाठवायच्या सीड्या टेलर आणि तिची आई स्वतः लिफाफ्यांत भरायच्या. मग ‘रेडिओ टूर’. म्हणजे गावोगावच्या केंद्रांवर जायचं, त्यांच्या मीटिंगच्या खोलीत चार-पाच कर्मचाऱ्यांसमोर गिटार घेऊन गायचं, हात मिळवायचे, पुढचं गाव गाठायचं. ध्वनियंत्रणा नाही, अंधार नाही, टाळ्या नाहीत, समोरचा माणूस सँडविच खातोय. मोठ्या रंगमंचावर उत्तम गाणाऱ्या गायिका या खोलीत गळपटलेल्या मी पाहिल्या आहेत. ही प्रथा जुनी आहे. १९६०मध्ये कंट्री गायिका लोरेटा लिन नवऱ्याबरोबर गाडीत आपली तबकडी घालून केंद्रामागून केंद्र अशीच हिंडली होती.

आणि लगेच धो धो यश आलं असंही झालं नाही. अल्बम पहिल्या आठवड्यात चाळीस हजारांच्या आसपास खपला. खपाच्या मुख्य अमेरिकी यादीत तो सर्वांत वर, पाचव्या क्रमांकावर, पोहोचला २००८च्या जानेवारीत, म्हणजे सव्वा वर्षाने. यादीत मात्र दीडशेहून अधिक आठवडे राहिला. त्या काळात ती रास्कल फ्लॅट्स, जॉर्ज स्ट्रेट, ब्रॅड पेस्ली अशा नावाजलेल्या कंट्री कलाकारांच्या कार्यक्रमांत आधीची अर्धी-पाऊण तासाची जागा भरत होती; लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा गायची ती जागा. शिवाय मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर मुलींना स्वतः उत्तरं लिहीत होती. शाळेच्या कार्यक्रमासाठी नववीत एकटीने लिहिलेलं तिचं एक गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. २००८च्या नोव्हेंबरात दुसरा अल्बम आला आणि २०१०मध्ये, विसाव्या वर्षी, त्याला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला.

आता या सुंदर गोष्टीतली ठसठसणारी जागा. पंधराव्या वर्षी केलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या करारात मूळ ध्वनिमुद्रणांची, म्हणजे ‘मास्टर्स’ची, मालकी कंपनीकडे राहिली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यात वावगं काहीच नव्हतं. पण २०१९मध्ये कंपनी विकली गेली आणि तिची पहिली सहा अल्बमं तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याच्या हाती गेली. ती परत तिच्या मालकीची झाली २०२५च्या मे महिन्यात. मधल्या काळात २०२१पासून तिने जुने अल्बम नव्याने गाऊन काढले. त्याला वजन आलं कशामुळे? गाणी तिने लिहिलेली होती म्हणून. गीतकार या नात्याने जुनं ध्वनिमुद्रण चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरायला ती नकार देऊ शकत होती. नुसती गायिका असती तर हा नकार तिच्या हातात नसता. चौदाव्या वर्षी शाळेनंतर लिहिलेल्या ओळींनी तिला एकतिसाव्या वर्षी आधार दिला.

लहान वयातल्या यशाची दुसरी बाजूही याच संगीतात आहे. लीअॅन राइम्स १९९६मध्ये तेराव्या वर्षी गाजली आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळवणारी सर्वांत लहान एकल कलाकार ठरली. २०००मध्ये तीच मुलगी पैशांच्या व्यवहारावरून वडिलांविरुद्ध आणि करारावरून रेकॉर्ड कंपनीविरुद्ध कोर्टात उभी होती. घरातलाच माणूस व्यवस्थापक असला की हिशेब विचारणं म्हणजे नातं तोडणं होऊन बसतं. तुम्ही मुलीची आई राहा. व्यवस्थापक नंतर मिळतो.

तर तुमच्या कागदाकडे येऊ. माझी कसोटी सोपी आहे: पैसे मागणाऱ्याने हक्क मागायचे नाहीत आणि हक्क मागणाऱ्याने पैसे मागायचे नाहीत. स्टुडिओवाला पैसे घेऊन रेकॉर्डिंग करून देत असेल तर तो कारागीर. त्याचं बिल चुकतं केलं की ध्वनिमुद्रण तुमचं. कंपनी पाच वर्षांचा हक्क मागत असेल तर खर्च तिने करायचा. तुमच्याकडे दोन्ही मागितलंय. ‘ओळखी करून देऊ’ या वाक्यासाठी तर छदामही देऊ नका. ज्यांच्या खऱ्या ओळखी आहेत ते त्या विकत नाहीत. मुदतवाढीचा पर्याय कोणाच्या हातात आहे ते बघा. तो फक्त कंपनीच्या हाती असतो आणि मग पाचाची आठ वर्षं कधी होतात कळत नाही. पब्लिशिंगमधला वाटा कुठल्या कलमात दडलाय तेही शोधा. बहुतेकदा तो ‘सेवां’च्या यादीखाली बारीक अक्षरांत असतो. अल्पवयीन मुलीचा करार ती मोठी झाल्यावर नाकारू शकते, म्हणून गंभीर कंपन्या कोर्टाची मंजुरी घेतात आणि मिळकतीचा काही भाग मुलीच्या नावे राखून ठेवला जातो. या कंपनीने त्याचा उल्लेखही केला नसेल तर तेवढ्यावरूनच समजून जा. वकील मनोरंजन क्षेत्रातला घ्या आणि तुम्ही नेमलेला घ्या, कंपनीने सुचवलेला नको. त्याच्या दोन तासांची फी त्या पॅकेजपुढे काहीच नाही.

भारतीय चेहऱ्याच्या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. १९६६मध्ये चार्ली प्राइडची पहिली गाणी केंद्रांना पाठवताना कंपनीने मुद्दाम फोटो लावला नव्हता, कारण तो कृष्णवर्णीय होता. तो पुढे या संगीतातला फार मोठा गायक झाला. पण मिकी गायटन या कृष्णवर्णीय गायिकेला २०११मध्ये करार मिळाल्यापासून पहिला पूर्ण अल्बम यायला २०२१ उजाडलं. कंट्री रेडिओवर बायकांची गाणीच मुळात कमी वाजतात. त्यात वेगळा वर्ण. वाट बिकट आहे. दार बंद आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण आज मुलीचं गाणं थेट ऐकणाऱ्यापर्यंत जाऊ शकतं, मधला केंद्रचालक वगळून. आणि तिने टेक्साससारखे उच्चार ओढूनताणून काढू नयेत. ती तिथेच वाढली आहे, जे आहेत ते तिचेच आहेत. आजीशी व्हिडिओ कॉलवर मराठीत बोलताना जे सुचतं तेही गाण्यात येऊ द्या. कंट्रीचा सगळा भर घर, गाव, आईबाप आणि स्वतःवर बेतलेली गोष्ट यांवर आहे, आणि तिची गोष्ट त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडे नसेल.

शास्त्रीय शिक्षण वाया जाणार नाही. नॅशव्हिलच्या स्टुडिओत वादकांपुढे बहुधा एक पानभर आकडे असतात: १, ५, ६ आणि पुढे वजाची खूण, ४. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूजने बसवली. एक म्हणजे ज्या पट्टीत गातोय तिच्या ‘सा’वरची स्वरसंगती, पाच म्हणजे पंचमावरची, वजा म्हणजे मायनर. सी पट्टीत ते सी, जी, ए मायनर, एफ; जी पट्टीत जी, डी, ई मायनर, सी. गायिका आयत्या वेळी म्हणाली की मला एक स्वर खाली हवंय, तरी कागदावरचा एकही आकडा बदलत नाही. जिला काळी चारवरून पांढरी पाचला जाताना ‘सा’ हलतो आणि सरगम तीच राहते हे लहानपणीच कळलंय, तिला हे एका बैठकीत येईल. इथे आलेल्या मुलामुलींना यावर महिने घालवताना मी बघते.

सध्या काय करावं? शाळा चालू राहू दे. आठवड्याला एक गाणं पूर्ण, अर्धवट नको. वाईट झालं तरी पूर्ण. तिच्याहून मोठ्या, अनुभवी कुणाबरोबर तरी बसून लिहायची सवय लावा. नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन ही संस्था १९६७पासून आहे, अनेक शहरांत तिच्या शाखा भरतात, सभासदांना गाण्यावर अभिप्राय मिळतो. सभासद होताना अख्खं पॅकेज घ्यावं लागत नाही. पुढच्या वसंतात ‘टिन पॅन साउथ’ हा गीतकारांचा महोत्सव असेल तेव्हा आठवडाभर नॅशव्हिलला या. ब्लूबर्डमध्ये एका संध्याकाळी गीतकार गोलात बसून गातात ते तिला ऐकू द्या. गिटार बरोबर आणा, पण त्या आठवड्यात कोणाला डेमो देऊ नका. परत गेल्यावर ती नवीन गाणी लिहायला बसते की जुन्याच गाण्यांचा व्हिडिओ करायला बसते, तेवढं बघा.

कंपनीला उत्तर दोन ओळींत जाऊ दे: आम्ही पैसे भरून हक्क देणार नाही, रेकॉर्डिंगचा नुसता दर सांगा, ध्वनिमुद्रण आणि गीतांची मालकी मुलीकडे राहील. त्यावर त्यांनी दर पाठवला तर तो डॅलसमधल्या इतर दोन स्टुडिओंच्या दराशी ताडून बघा.